राज्याचं क्लायमेट टार्गेट सातबाऱ्यासारखं कसं वाचायचं

जमीन घ्यायची म्हटलं की आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा आधी सातबारा मागतो, फेरफार बघतो, इतर हक्कात कुणाचा बोजा आहे का ते विचारतो आणि मोजणी झाल्याशिवाय इसाराला हात लावत नाही. तोच माणूस पेपरात "अमुक राज्य २०५० पर्यंत नेट झिरो होणार" (म्हणजे जेवढा धूर सोडणार तेवढा शोषून घेणार) असं वाचतो आणि वा वा म्हणून पान उलटतो. त्यात मीही आले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा मुंबईच्या टार्गेटचा मेसेज फिरत होता, सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले, मी सहज विचारलं की कशापासून किती कमी? ग्रुपवर जी शांतता पसरली ती मेंटेनन्स वाढीच्या मेसेजनंतरही पसरत नाही. मलाही उत्तर माहीत नव्हतं हे सोडा.

त्यानंतर मी असल्या पीडीएफ वाचायला लागले आणि लक्षात आलं की यात रॉकेट सायन्स काही नाही, उतारा वाचता येतो तर हेही येतं, फक्त कुठल्या रकान्यात काय बघायचं ते कळलं पाहिजे. तेच इथे क्रमानं लिहितेय. उदाहरणं मुख्यतः दोन घेतलीत, आपला महाराष्ट्र (आणि त्यात मुंबई) आणि अमेरिकेतलं कॅलिफोर्निया, कारण राज्य पातळीवर हे काम कॅलिफोर्नियाइतकं जुनं आणि कागदोपत्री पक्कं फार कमी ठिकाणी झालंय आणि आपली माणसंही तिथे ढिगानं आहेत. एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि दोन निवांत संध्याकाळी, एवढं पुरतं.

पायरी १: बातमी बाजूला ठेवा, मूळ कागद शोधा

पहिला प्रश्न आकड्याचा नाही, कागदाचा. टार्गेट कुठे लिहिलंय? मंत्र्यांच्या भाषणात, प्रेस नोटमध्ये, 'धोरण' नावाच्या पुस्तिकेत, शासन निर्णयात, की विधिमंडळानं पास केलेल्या कायद्यात? ही चढती भाजणी आहे. भाषण दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, जीआर एका नव्या जीआरनं रद्द होतो, कायदा बदलायला मात्र सभागृहात जावं लागतं आणि तिथे निदान चार लोक ओरडतात तरी.

कॅलिफोर्नियानं २००६ साली सरळ कायदाच केला, असेंब्ली बिल ३२, गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्या सप्टेंबरात सही केली. त्यात लिहिलं होतं की २०२० पर्यंत राज्याचं उत्सर्जन (म्हणजे हवेत सोडलेले, तापमान वाढवणारे वायू) १९९० च्या पातळीवर आणायचं आणि हे काम एअर रिसोर्सेस बोर्डानं करायचं. वर्ष आलं, आकडा आला, जबाबदार खातंही आलं. २०१० मध्ये टेक्सासच्या दोन तेल कंपन्यांनी पैसा ओतून हा कायदा थांबवण्यासाठी सार्वमत घ्यायला लावलं, बेरोजगारी साडेपाच टक्क्यांच्या खाली येईपर्यंत कायदा गुंडाळून ठेवा अशी मागणी होती, आणि लोकांनी ती मोठ्या फरकानं पाडली. हे सगळं होऊ शकलं कारण पाडायला किंवा वाचवायला काहीतरी ठोस होतं. भाषणावर सार्वमत कोण घेणार?

आपल्याकडे काय? उत्सर्जन इतकं कमी करूच असं बांधून घेणारा कायदा महाराष्ट्रात नाही, देशातही नाही. केंद्रानं २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात आठ मिशन होती, मग राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितलं. महाराष्ट्रानं टेरी संस्थेकडून जो करून घेतला, २०१४ चा, त्याच्या नावातच 'ॲडाप्टेशन' आहे, म्हणजे जुळवून घेणं: पाऊस लहरी झाला तर शेतीचं काय, उष्णता वाढली तर आरोग्याचं काय. कामाचाच आहे तो, पण त्यात कोणी उत्सर्जन कमी करायचं टार्गेट शोधत असेल तर तो विहिरीच्या उताऱ्यात घराचा नंबर शोधतोय. म्हणून कागद हातात आला की आधी नाव नीट वाचा. ॲडाप्टेशन आणि मिटिगेशन (म्हणजे उत्सर्जनच कमी करणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्यांमध्ये त्यांची सर्रास खिचडी होते.

जीआर शोधायचा तर शासनाच्या साइटवर 'शासन निर्णय' भागात जा आणि विभागाच्या यादीत 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' निवडा. विभागाचं हे लांबलचक नाव २०२० पासूनचं, जुने जीआर हवे असतील तर नुसत्या 'पर्यावरण' नावाखाली बघावं लागतं. पण फक्त तिथेच शोधाल तर अर्धा माल निसटेल, कारण खरी कामं ऊर्जा, परिवहन, नगरविकास आणि कृषी या विभागांच्या जीआरमध्ये असतात. जीआरचा सांकेतांक वहीत उतरवून घ्या, पुढे आरटीआयला लागतो.

पायरी २: कशापासून कमी? पायाभूत वर्ष बघा

३० टक्के कमी म्हणजे कधीच्या तुलनेत? सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग ५० टक्के ऑफचा बोर्ड लावतात ना, तसं इथेही करता येतं. उत्सर्जन सगळ्यात जास्त होतं ते वर्ष पाया धरलं की न हलता दहा-पंधरा टक्के घट पदरात पडते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी २००५ हे पायाभूत वर्ष असतं आणि त्या देशाचं उत्सर्जन साधारण त्याच सुमारास शिखरावर होतं, हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा. कॅलिफोर्नियानं १९९० धरलं, ते जास्त कठीण. त्यांचा १९९० चा आकडा ४३.१ कोटी टन, आणि २०२० ची मुदत असताना ते २०१६ लाच त्याच्या खाली गेले. मग पुढचे कायदे आले: २०१६ च्या कायद्यानं २०३० पर्यंत १९९० पेक्षा ४० टक्के कमी म्हणजे साधारण २६ कोटी टन, आणि २०२२ च्या कायद्यानं २०४५ पर्यंत ८५ टक्के कमी आणि उरलेलं शोषून घेऊन शून्य.

मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये आला, त्यात पायाभूत वर्ष २०१९ आहे, उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, माणशी सुमारे १.८ टन. २०१९ घेतलं हे बरं केलं. २०२० घेतलं असतं तर लॉकडाउनचं वर्ष पाया झालं असतं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा, कोणी प्रगती दाखवायला शेवटचं वर्ष म्हणून २०२० दाखवत असेल तर त्याला हात जोडा आणि २०२२-२३ चा आकडा मागा. भारतानं युनोला दिलेल्या अहवालातही २०२० चं उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा जवळपास ८ टक्क्यांनी कमी दिसतं, ती धोरणाची कमाल नव्हती, आपण सगळे घरात बसलो होतो.

आता याच पायरीत अजून एक करा, जे मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला धक्का बसला होता. मधले टप्पे घ्या आणि वहीवर रेघ काढा. मुंबईचे टप्पे आहेत २०३० ला ३० टक्के, २०४० ला ४४ टक्के आणि २०५० ला नेट झिरो. म्हणजे पहिल्या अकरा वर्षांत ३०, पुढच्या दहा वर्षांत फक्त १४, आणि शेवटच्या दहा वर्षांत उरलेले ५६! रेघ कड्यावरून खाली पडल्यासारखी दिसते. याचा अर्थ प्लॅन खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, मधल्या काळात कोळशाची वीज सुटायला वेळ लागेल असा काही हिशोब त्यामागे असू शकतो, पण सगळ्यात जड ओझं त्या दशकावर टाकलंय जेव्हा हा प्लॅन करणारे बहुतेक सगळे रिटायर झालेले असतील. शेवटचं वर्ष बघून खूश व्हायच्या आधी पहिला टप्पा कधीचा आहे ते बघा. तो सध्याच्या सरकारच्या मुदतीत येत नसेल तर तो कुणाचाच नाही.

पायरी ३: टक्के कशाचे? ही खरी मेख

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सावकाश जाऊ. टार्गेट तीन तऱ्हांचं असतं. पहिलं, एकूण टनांमध्ये घट, जसं कॅलिफोर्नियाचं. दुसरं, तीव्रतेत घट, म्हणजे दर रुपयाच्या उत्पन्नामागे किंवा दर टन सिमेंटमागे किती धूर. तिसरं, 'काहीच केलं नसतं तर जेवढं झालं असतं' त्याच्या तुलनेत घट, आणि हे 'झालं असतं' कोणी ठरवलं ते फक्त देवाला आणि कन्सल्टंटला माहीत.

भारताचं राष्ट्रीय टार्गेट दुसऱ्या तऱ्हेचं आहे. २०२२ मध्ये सुधारून दिलेलं, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीमागची तीव्रता ४५ टक्के कमी. समजा त्या काळात जीडीपी तिप्पट झाला आणि तीव्रता ४५ टक्के उतरली, तर ३ गुणिले ०.५५, म्हणजे १.६५. एकूण धूर ६५ टक्के वाढला आणि तरीही टार्गेट पूर्ण! यात लबाडी नाही, आपलं माणशी उत्सर्जन अमेरिकेच्या कितीतरी खाली आहे आणि अजून कितीतरी घरांना फ्रीज, पंखा, पक्कं छप्पर व्यवस्थित मिळायचंय, त्यामुळे गरीब देशानं आधी तीव्रता उतरवणं हे मला तरी न्याय्यच वाटतं. पण न्याय्य आहे म्हणून आकडा चुकीचा वाचायचा असं नाही ना. '४५ टक्के कमी' ऐकून धूर निम्म्यावर येणार असं कोणी समजत असेल तर त्याला हा गुणाकार दाखवा.

असाच घोळ विजेत. २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-कोळसा-तेल-गॅस वाटा ५० टक्क्यांवर गेला, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं, कौतुकच आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. सोलर रात्री झोपतं, कोळसा रात्रभर चालतो, त्यामुळे प्रत्यक्ष युनिटांत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. दहा माणसांच्या ऑफिसात पाच जण अर्धवेळ असले तर निम्मं काम त्यांनी केलं असं म्हणत नाही आपण. म्हणून मेगावॅट दिसलं की विचारा, युनिट किती?

पायरी ४: चतुःसीमा, म्हणजे हद्द

सातबाऱ्यावर गट नंबर आहे पण बांध कुठे? मुंबईच्या उत्सर्जनात ७२ टक्के हिस्सा वीज आणि इमारतींमधल्या ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा, ८ टक्के कचऱ्याचा. आता मुंबईची वीज येते कुठून? काही ट्रॉम्ब्याहून, काही डहाणूहून, बाकी ग्रिडमधून लांबून. धुराडं तिकडे, एसी इकडे. हा धूर कोणाच्या खात्यात घालायचा? मुंबईच्या प्लॅननं वापरलेल्या विजेचा धूर स्वतःच्या खात्यात घेतलाय, ते प्रामाणिक आहे. नाहीतर चंद्रपूर, जिथे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, राख आणि मे महिन्यातला उकाडा दोन्ही त्यांच्याच वाट्याला, ते सगळ्यात मोठं गुन्हेगार दिसलं असतं आणि वातानुकूलित ऑफिसवाले आपण संत.

कॅलिफोर्नियानंही वापरलेल्या विजेचा धूर स्वतःच्याच खात्यात घेतला. लॉस एंजेलिसला वर्षानुवर्षं युटामधल्या कोळशाच्या प्लांटची वीज यायची, प्लांट दुसऱ्या राज्यात असला तरी धूर कॅलिफोर्नियाच्या हिशोबात धरला गेला. पण जंगलातल्या वणव्यांचा धूर मात्र त्यांच्या मुख्य हिशोबात येत नाही, आणि तिथले वणवे तुम्हाला माहीतच आहेत. त्यामुळे पीडीएफमध्ये 'काय धरलं' यापेक्षा 'काय सोडलं' हा परिच्छेद आधी शोधा. विमानं, बंदरातली जहाजं, हायवेवरून नुसती पास होणारी ट्रक वाहतूक, बाहेरून येणारं स्टील-सिमेंट, हे बहुतेक वेळा सोडलेलं असतं.

पायरी ५ आणि ६ एकत्रच: कुठले वायू, आणि 'नेट' म्हणजे काय

वायूंचं थोडक्यात. फक्त कार्बन डायऑक्साइड धरलाय की मिथेन, नायट्रस ऑक्साइडही? मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबानं सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबानं ८० पटींच्या आसपास, त्यामुळे कुठला हिशोब वापरला यावर गोठ्याचं आणि डंपिंग ग्राउंडचं वजन तिपटीनं बदलतं. न्यू यॉर्क राज्यानं २०१९ च्या कायद्यात वीस वर्षांचा हिशोब लावला, बाकी जवळपास सगळे शंभरचा लावतात. महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गायी-बैल आहेत, म्हशी वेगळ्या, वर देवनारसारखी डंपिंग ग्राउंड, जिथे २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती. आपल्यासाठी मिथेन ही तळटीप नाही.

आणि नेट झिरो. नेट म्हणजे वजाबाकी, जेवढा धूर सोडला तेवढा झाडं, माती किंवा मशिनं शोषून घेतील. इथे इतर हक्कातला बोजा तपासतो तसं तपासा. कॅलिफोर्नियानं कायद्यातच बांधून टाकलंय की ८५ टक्के तरी खरोखर कमी करायचं, वजाबाकी फक्त उरलेल्या पंधरात. असं बंधन नसेल तर उद्या कोणीही ५० टक्के झाडांच्या नावावर टाकेल. आणि झाडांचं आपल्याकडे कसं असतं? महाराष्ट्रानं २०१९ ला ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं, खड्ड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. रोपं किती लावली हा आकडा घेऊ नका, तीन उन्हाळ्यांनंतर किती उभी आहेत तो मागा. वनक्षेत्राचा दर दोन वर्षांनी येणारा सरकारी अहवाल वाचतानाही एक लक्षात ठेवा, तिथे एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा असलेली कुठलीही जमीन वनाच्छादन म्हणून धरतात, मग ती खाजगी असो वा कुठल्याही झाडाची. कोकणातली हापूसची बाग पण त्यात येऊ शकते. आंब्याला माझी ना नाही, पण ती जंगलतोडीची भरपाई नव्हे.

पायरी ७: राज्याच्या हातात काय आहे ते वेगळं काढा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे राज्याच्या हातातलं: शेती, जमीन, पाणी, शहरांचं नियोजन, बांधकाम परवानग्या, एसटी आणि शहरातल्या बस, कचरा. वीज दोघांची. उजवीकडे केंद्राचं: रेल्वे, पेट्रोल-डिझेलचं धोरण, गाड्यांच्या धुराचे नियम. राज्याच्या टार्गेटमधला मोठा वाटा उजवीकडच्या गोष्टींवर अवलंबून असेल तर ते टार्गेट नाही, अपेक्षा आहे.

डावीकडच्या प्रत्येक ओळीसमोर आता छोटी टार्गेट शोधा, कारण मोठं 'नेट झिरो' तपासता येत नाही, छोटी येतात. जसं की महाराष्ट्राचं २०२१ चं ईव्ही धोरण, २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के ईव्ही. नंतर २०२५ मध्ये नवं धोरण आलं, २०३० पर्यंत ३० टक्के, शिवाय समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टोलमाफी. हे घरबसल्या तपासता येतं, केंद्राच्या 'वाहन' डॅशबोर्डवर जाऊन राज्य निवडा, वर्ष निवडा, इंधनाप्रमाणे नोंदणी काढा आणि भागाकार करा. करताना टू-व्हीलर, थ्री-व्हीलर आणि कार वेगवेगळ्या काढा हं, नाहीतर स्कूटरच्या गर्दीत कारचं दुखणं लपतं.

विजेचं असं की इथे खरा दात असलेला नियम लपलाय आणि कोणी त्याला क्लायमेट पॉलिसी म्हणत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. वीज वितरण कंपन्यांनी ठरावीक हिस्सा अपारंपरिक स्रोतांतूनच घ्यायचा असं बंधन आहे, केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०२४-२५ ला २९.९१ टक्के आणि चढत चढत २०२९-३० ला ४३.३३ टक्के, आणि चुकलं तर दंड. माझ्या मते पानभर नेट झिरोच्या घोषणेपेक्षा ही एक ओळ भारी आहे. त्यालाच जोडून आपली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१७ ला राळेगणसिद्धीपासून सुरू झाली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली, कृषी फीडर (सबस्टेशनपासून शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइन) सोलरवर न्यायचे, टार्गेट १६,००० मेगावॅट, जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. कागदावर ही क्लायमेटची योजना नाही, शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची आहे, रात्री बारा वाजता साप-विंचवात पाणी द्यायला जायला नको म्हणून. आणि म्हणूनच ती चालण्याची शक्यता जास्त. तपासायचं झालं तर तालुक्यातल्या सबस्टेशनवर विचारा, फीडर सोलरवर आला का आणि दिवसा सलग किती तास सप्लाय आहे. गावातला कोणीही शेतकरी हे तुम्हाला पीडीएफपेक्षा खरं सांगेल.

पायरी ८: स्वतःचा आकडा काढा, म्हणजे टनांचा अंदाज येतो

लाखो टन वाचून डोळे पांढरे होतात, म्हणून एकदा घरचा हिशोब करा. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, लिटर पेट्रोलला २.३ किलो, डिझेलला २.७, घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा तो जाळल्यावर साधारण ४२ किलो. महिन्याला २०० युनिट म्हणजे वर्षाला २४०० युनिट, १.७ टन झाले. बाइकला महिन्याला १५ लिटर, वर्षाचे ४१० किलो. सात सिलिंडर, तीनशे किलो. एका घराचे साधारण २.४ टन, त्यात विजेचाच सिंहाचा वाटा, आणि मग मुंबईच्या त्या ७२ टक्क्यांचा अर्थ डोक्यात बसतो. आमच्याकडे या हिशोबानंतर एसी २४ वर की २६ वर हे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

पायरी ९: पैसा कुठून येणार

टार्गेटच्या मागे बजेट नसेल तर ते नवसासारखं आहे. कॅलिफोर्नियात २०१३ पासून मोठ्या कारखान्यांना आणि वीज कंपन्यांना (इंधन कंपन्यांना २०१५ पासून) प्रत्येक टनासाठी परवाना लागतो, परवान्यांची एकूण संख्या दरवर्षी कमी होत जाते आणि लिलावातून पैसा येतो. सनीवेलला राहणारा माझा मावसभाऊ कित्येक वर्षं त्याच्या बिलात एप्रिल-ऑक्टोबरला येणारी सूट दिवाळी डिस्काउंट समजत होता, नीट बघितल्यावर तिथे 'क्लायमेट क्रेडिट' लिहिलेलं, त्या लिलावातलाच थोडा पैसा ग्राहकाला परत. भारतात कार्बन क्रेडिटची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम अशा काही उद्योगांना टार्गेट मिळाली, पण ती टनामागे तीव्रतेची, म्हणजे पुन्हा पायरी ३ वाचा. राज्यापुरतं बघायचं तर अर्थसंकल्पात त्या योजनेसमोर तरतूद किती आणि मागच्या वर्षीची खर्च किती झाली, हे दोनच आकडे उतरवा. तरतूद भरघोस आणि खर्च निम्मा असेल तर समजून जा.

पायरी १०: हिशोब मागा

हे सगळं वाचून झालं की वहीत रिकामे रकाने दिसतील, ते भरून घ्यायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ चा कायदा होता, सरकार नियम काढायला टाळाटाळ करत होतं, काही शाळकरी मुलं आणि संस्था कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दरवर्षी घटत जाणाऱ्या मर्यादा काढाव्याच लागतील. न्यू यॉर्कनंही नियमांची कायद्यातली मुदत चुकवली तेव्हा २०२५ मध्ये कोर्टानं कान उपटले. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोकच्या केसमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये येतो असं म्हटलंय (हो, तोच आपला नान्नजचा माळढोक, पण केस राजस्थान-गुजरातच्या वीजतारांची), पण कुठल्या राज्यानं किती टन कमी करायचे हे त्यात नाही. त्यामुळे आपलं हत्यार सध्या आरटीआय.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, ऑनलाइन भरता येतो. 'का' विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद मागा. मी साधारण असं लिहिते:

"विषय: दि. ___ च्या शासन निर्णयाची (सांकेतांक ___) अंमलबजावणी. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते आजपर्यंत. १) सदर निर्णयानुसार नेमलेल्या समितीच्या सर्व बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती. २) उद्दिष्टाच्या प्रगतीबाबत विभागास प्राप्त वार्षिक अहवालांच्या प्रती. ३) वर्षनिहाय मंजूर तरतूद व प्रत्यक्ष खर्च दर्शवणाऱ्या नोंदीच्या प्रती."

एवढंच. यातली पहिली मागणी सगळ्यात जालीम, कारण समिती नेमली आणि बैठकच झाली नाही असं निघालं तर ते उत्तरच तुमची बातमी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं छापील वाक्य आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, त्याची फी २० रुपये. एकदा एका कार्यालयानं माझा अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, त्यांनी तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं परत पहिल्याकडे. तेव्हापासून मी एकच प्रश्न दोन विभागांना एकाच दिवशी टाकते आणि उत्तरं शेजारी ठेवून बघते.

दुसरी जागा वीज नियामक आयोग. दरवाढीचे प्रस्ताव आले की 'सूचना व हरकती' मागवतात, त्यात कोणीही लिहू शकतं, वकील लागत नाही, आणि अपारंपरिक विजेचं बंधन किती पाळलं याचे आकडे त्याच प्रस्तावाच्या फाइलमध्ये असतात. फाइल जाडजूड असते, घाबरू नका, शोध बॉक्समध्ये 'आरपीओ' (अपारंपरिक वीज घेण्याच्या बंधनाचं इंग्रजी लघुरूप) टाका. हरकतीची मुदत कमी असते आणि जाहिरात पेपरात कुठेतरी कोपऱ्यात येते, त्यामुळे ती तारीख कॅलेंडरवर आधी लिहून ठेवा.

गावात असाल तर ग्रामसभा. 'माझी वसुंधरा' अभियानात (२ ऑक्टोबर २०२० पासून सुरू, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं धरून मार्क देतात) तुमची ग्रामपंचायत सहभागी असेल तर कशाला किती मार्क मिळाले म्हणून दाखवले त्याची प्रत ग्रामसभेत मागा आणि ती घेऊन गावातून एक चक्कर मारा. एलईडी दिवे किती लावले असं लिहिलंय, ते रात्री आठ वाजता मोजता येतात.